कोपरे वाचणाऱ्या वेणूबाई

वेणूबाई मेश्राम कोणतंही चित्र हातात आलं की आधी त्याच्या मधोमध तळहात ठेवायच्या. राजा असो, देव असो, सांगाडा असो, मधला माणूस झाकून टाकायचा आणि मग कडेकडेने बघत सुटायचं. "मधलं तं आंधळ्यालेबी दिसते. कोपऱ्यात पाह्य. काढणारा कोपऱ्यात खरं बोलते." भद्रावतीच्या शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. आठवीत मी काढलेल्या बैलजोडीला त्यांनी शून्य दिलं, कारण दोन बैलांच्या सावल्या दोन दिशांना पडल्या होत्या. "दोन सूर्य कोन्या गावात उगवते रे सुधाकर?" सगळा वर्ग खिदळला. मला इतका राग आला की मी महिनाभर त्यांना नमस्कार केला नाही. त्यांनीही तो मागितला नाही.

निवृत्त झाल्यावर भाचीने त्यांना टॅरोचे पत्ते आणून दिले. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकावर एक चित्र, त्यावरून लोक भविष्य सांगतात. बाईंचा भविष्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या चित्रांवर त्यांचा जीव जडला. कॉलनीतल्या बाया दुपारी येऊन बसू लागल्या. एकीला नर्सची नोकरी लागली होती आणि सासरचे जाऊ देत नव्हते. तिने पत्ता ओढला तर काय, डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर, भोवती आठ तलवारी! ती रडायलाच लागली. बाईंनी तलवारी तळहाताने झाकल्या. "खाली पाह्य. पाय बांधले हायेत का?"

"नाई."

"मंग उभी काऊन? चाल ना!"

ती पुढच्याच सोमवारी एसटीने चंद्रपूरला जाऊन रुजू झाली.

ही कीर्ती चंद्रपूरच्या एका टॅरोवाल्याच्या कानावर गेली. तो स्वतःला आचार्य म्हणवायचा. त्याचं नाव मी घेणार नाही, घेतलं की तोंड कडू होतं. तो बाईंना म्हणाला, आपल्या जंगलाचे पत्ते काढा, मी छापतो. बाई दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढत होत्या. तलवारींच्या जागी विळे, प्याल्यांच्या जागी मातीची गाडगी. ताऱ्याच्या पत्त्यावर मोहाची फुलं वेचणारी बाई, मृत्यूच्या पत्त्यावर सांगाडा नाही, नुसता हिरवागार साग. मोबदल्याबद्दल त्या एक चकार शब्द बोलल्या नाहीत. अट एकच. "पत्त्याइच्या डब्यावर माह्यं नाव पायजे. जिंदगीभर पोराइच्या चित्रावर सही केली, आता माह्या चित्रावर माह्यी."

आता माझं सांगतो. मी तेव्हा घुग्घुसच्या रस्त्यावरच्या एका छापखान्यात संगणकावर मजकूर लावायचं काम करत होतो. डब्याचं काम माझ्याकडेच आलं. तळाशी ओळ होती, 'चित्रे : वेणू मेश्राम'. आचार्य माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला, बोटांत अंगठ्याच अंगठ्या, आणि म्हणाला, "ती ओळ काढ." ही ओळ कोणाची आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मालक समोर बसले होते. मी ओळ काढली. एका बटणाचं काम होतं ते. घरी जाऊन मी पोटभर जेवलोसुद्धा, हे सांगायला आज लाज वाटते.

डबे बाजारात आल्यावर आठच दिवसांत बाई छापखान्यात हजर.

"नाव कोनं काढलं?"

"आचार्यांनी सांगितलं, बाई."

"सांगितलं कोनं ते नाई इचारलं. हात कोनाचा होता?"

मी म्हणालो, माझा. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्या निघून गेल्या. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

कॉलनीतल्या लोकांनी सांगितलं, वकील करा, पोलिसात जा. बाई म्हणायच्या, "कायले? त्यालेच बोलू द्या. लय बोलते तो. बोलता बोलताच मरन." अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते वर्गात छडी उचलताना यायचं तेच. भाचीने एकदा भीत भीत म्हटलं, मावशी, जाऊ दे ना. "जाऊ देऊ? मी देवाले बी जाऊ देत नाई."

वर्षभराने आचार्याने चंद्रपुरात एका सभागृहात 'चित्रांचे गूढार्थ' असा कार्यक्रम ठेवला. मी छापलेले फलक लावायला गेलो होतो. पाहतो तर बाईंनी सिंदेवाहीकडच्या आपल्या गावाहून दोन काळीपिवळ्या जीपगाड्या भरून बाया आणलेल्या! उन्हाळाभर मोह वेचणाऱ्या, तळ्यावर मासे धरणाऱ्या बाया पहिल्या दोन रांगा अडवून बसल्या होत्या. आचार्य मंचावर म्हणाला, ही चित्रं मला ध्यानात दिसली. बाईंनी ताऱ्याचा पत्ता धरलेला हात वर केला.

"महाराज, या मोहाच्या झाडाखालची जमीन काळी काऊन काढली?"

आचार्याने डोळे मिटले. "ती दग्ध झालेली वासना आहे. या स्त्रीचा भूतकाळ जळून गेला आहे. ती आपल्याच राखेवर उभी आहे."

आधी एक बाई फिसकन हसली, मग रांगच्या रांग. एक म्हातारी पदर सावरत उठली. "अगा बावा, मोह वेचाच्या आधी झाडाखालचा पाला जाळते! नाई तं पडलेलं फूल दिसन कसं? तुह्या ध्यानात एवढंबी नाई आलं?"

सभागृह हसायला लागलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पत्ता वर धरला, मृत्यूचा. सागाच्या बुंध्यावर हातभर साल सोललेली आणि तिथे एक खूण. "अन् हे?"

तिथे गप्प बसला असता तर वाचला असता. पण गप्प बसला तर तो आचार्य कसला! "हा तिसरा नेत्र. वृक्षाला जाग आली आहे."

"जाग?" म्हातारी ओरडली. "जंगलखात्यानं खूण मारली हाय त्याले! ते झाड कापाचं हाय, बावा!"

मग बाई शांतपणे म्हणाल्या, "मी काढलं ते. हिरवंगार हाय, त्याले मालूमबी नाई. म्हनून ते मरनाचं चित्र." आचार्य हातातले पत्ते नुसते वरखाली करत राहिला. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

चार दिवसांनी तो हात जोडून बाईंच्या दारात उभा. नव्या आवृत्तीवर नाव घालतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "नवी नको. हेच डबे. अन् तुमच्याच हातानं."

छापखान्याच्या गोदामात न विकलेल्या डब्यांची भिंत उभी होती. आचार्य सतरंजीवर मांडी घालून बसला आणि काळ्या शाईने एकेका डब्यावर 'वेणू मेश्राम' लिहू लागला. बाई समोर खुर्ची टाकून शेंगदाणे खात होत्या. "मात्रा लटकून राह्यली. पुसा. परत लिवा." त्याचे शिष्य दारातून डोकावत, त्यांनाही बाई आत बोलवत. "या, या. गुरूचं अक्षर पाहा." दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, त्याने अंगठ्या साबण लावून काढल्या. मी कोपऱ्यात उभा राहून मजा बघत होतो. बाईंनी मान वळवली. "तू कायले उभा हायेस? बस त्याच्या बाजूले."

तीन दिवस आम्ही चोर मांडीला मांडी लावून लिहीत होतो. शेवटचा डबा झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, आता मिटलं ना?" बाई म्हणाल्या, "तुमचं मिटलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

त्यानंतर मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचो. चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, माझ्या मुलीच्या चित्रांना शेरे मिळायचे. वाटायचं, विसरल्या असतील. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या, चंद्रपूरच्या दवाखान्यात होत्या. खूप थकल्या होत्या. मी उशाशी बसलो आणि इतक्या वर्षांत जे विचारायची हिंमत झाली नव्हती ते विचारलं. "बाई, मला माफ केलं का?"

"त्याले कवाचं केलं. तो चोर होता, चोरानं चोरी केली. तू माह्या वर्गात बसला होता, सुधाकर. तुले नाई."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी पाजलं. दोन दिवसांनी बाई गेल्या.