मधल्या बाईंची बाजू

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे, सायकल स्टँडच्या पलीकडे एक दुमजली इमारत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर सार्वजनिक धोरण संस्था. जिन्याशी फलक आहे: 'सभ्य राजकारण, कार्यक्षम शासन'. खालचा झेरॉक्सवाला नव्या गिऱ्हाइकांना सांगतो, की वर दोन्ही गोष्टी मिळतात, फक्त ऑर्डर आधी द्यावी लागते.

वरच्या मजल्यावर खरं तर बरीच कामं चालतात. नव्यानं निवडून आलेल्यांना अंदाजपत्रक वाचायला शिकवतात, पालिकेच्या दाखल्यांच्या खिडकीसमोर रांग का लागते याचा अभ्यास करतात, त्याचे अहवाल छापतात आणि ते कोणी वाचत नाही म्हणून चिडतात. पण संस्थेचं नाव झालं ते महिन्याच्या बैठकीमुळे. शहरातल्या एखाद्या प्रश्नावर एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं या बैठकीला बोलवायची, लांब टेबलाच्या दोन टोकांना बसवायची, आणि मध्ये एक खुर्ची. त्या खुर्चीत बसतात त्या मधल्या बाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. संचालकसुद्धा त्यांना मधल्या बाईच म्हणतात. राज्यशास्त्रात एम. ए. करून त्या इथं बैठकांची टिपणं घ्यायला तात्पुरत्या म्हणून आल्या, आणि तात्पुरतेपणातच केस पांढरे झाले.

बैठकीचा नियम एकच. आपली बाजू नंतर मांडायची. आधी समोरच्याची मांडायची, अशी की त्यानं मान डोलवली पाहिजे. तो नाही म्हणाला तर पुन्हा मांडायची. त्यानं मान डोलवली की मग आपली पाळी. ऐकायला सोपं वाटतं, पण सभागृहात वर्षानुवर्षं टेबलं बडवलेली माणसं इथं घामाघूम होतात.

भाजीबाजार शहराबाहेर हलवायचा की नाही यावर एकदा बैठक होती. एका टोकाला पैलवान म्हणून ओळखले जाणारे नगरसेवक, दुसऱ्या टोकाला एक वकीलसाहेब. पैलवानांनी सुरुवात केली, की यांचं म्हणणं बाजार इथंच राहावा, कारण यांच्या मेव्हण्याचे तिथं चार गाळे आहेत. वकीलसाहेब ताडकन उठले. बाईंनी त्यांना हातानंच बसवलं आणि पैलवानांना विचारलं, "दादा, हे स्वतःच्या घरी जेवायला बसल्यावर बायकोला असंच सांगतील का?"

"घरी तर हेच सांगतील, बाई. इथंच सांगणार नाहीत," पैलवान म्हणाले, आणि वकीलसाहेबांनाच पहिल्यांदा हसू फुटलं.

दोघांनाही जमलं नाही की बाई स्वतः मांडून दाखवायच्या. आधी एकाची बाजू, मग दुसऱ्याची. त्या बोलायला लागल्या की ज्याची बाजू तोच थक्क व्हायचा, आपलं म्हणणं इतकं शहाणपणाचं आहे हे त्याला ठाऊकच नसायचं. पैलवानांनी त्यांना दोनदा आपल्या पक्षात बोलावलं होतं, वकीलसाहेबांनीही. बाई हसून चहाचा कप पुढे करायच्या. त्यांना स्वतःला काय वाटतं हे कोणाला कधी कळलं नाही. पुढे पुढे त्यांनाही ते चटकन सापडेनासं झालं असावं.

घरी नवरा होता, पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला. त्यानं बायकोशी भांडण्याच्या बाबतीत कधीच हात टेकले होते. तो म्हणायचा, हिच्याशी भांडायला जावं तर ही आधी माझीच बाजू मांडते, आणि ती ऐकून मलाच माझी लाज वाटते. भांडायची ती फक्त लेक. लहानपणी वर्गात सगळ्यांत ठेंगणी म्हणून तिला घरात बुटकी म्हणायचे. मग ती अशी सरसर वाढली की बाई तिच्या खांद्यालाही लागेनात, पण नाव राहिलं ते राहिलं. "आई, घरात बैठक घेऊ नकोस," असं म्हणून ती दार आपटायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्या दोघींनी एक अख्खा हिवाळा काढला होता.

बुटकी शहरातली बससेवा कशी आखायची ते शिकली होती. एक दिवस जेवताना तिनं सांगितलं, की दूरच्या एका शहरात नोकरी मिळतेय, तीन वर्षांचा करार. तिथं जायचं म्हणजे विमानाशिवाय सोय नाही. नवऱ्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. बाईंना नकोच म्हणायचं होतं. पण तोंडातून जे निघालं ते निराळंच, इतक्या वर्षांचं वळण पडलेलं.

"तुला असं वाटतं ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मांडायला घेतलं. इथं कुठल्याही कार्यालयात गेलं की आधी बाबांची ओळख निघते, मग तुझी. तिथं तुला कोणी ओळखणार नाही, आणि तेच तुला हवंय. इथं तू काढलेले नकाशे कपाटात जातात, तिथं त्यांवर बस धावेल. आणि आत्ता गेली नाहीस, तर आयुष्यभर मनातल्या मनात आम्हाला बोल लावशील. शेवटचं वाक्य ऐकून लेकीनं दचकून वर बघितलं. ते तिनं स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं.

"बरोबर मांडलं ना?" बाईंनी विचारलं.

लेकीनं मान डोलवली.

आणि ती बसून राहिली. हात ताटात वाळत आला तरी उठली नाही. बाई शब्द गोळा करत होत्या. कुणाच्याही बाजूचे शब्द त्यांच्याकडे ढीगभर असायचे, पण आत्ता स्वतःच्या बाजूचा एकही सापडेना. रडू फुटेल या भीतीनं त्या उठल्या आणि त्यांनी ताटं गोळा केली. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नकोसही म्हणाल्या नाहीत.

लेक गेली आणि घर खायला उठलं. न्हाणीघराची कडी ती आतून दोनदा ओढायची, तो आवाज सकाळी यायचा थांबला. रस्त्यात एखादी उंच मुलगी दिसली की बाईंचं पाऊल आपोआप तिच्या मागे वळायचं. संस्थेत बससेवेवरचा कसलाही अहवाल आला की त्या शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. त्यांचा तो विषयही नव्हता. रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, थंडी किती आहे, भिंतीला आलेली ओल घरमालकानं बघितली का. दोघी अशा जपून बोलायच्या, जणू दोन देशांच्या वकिलाती. फोन ठेवला की बाईंना वाटायचं, आज तरी हिनं कशावरून तरी दार आपटल्यासारखं बोलायला हवं होतं.

आता तिचा करार संपत आला होता. तिथल्या लोकांनी तिला कायम करायचं ठरवलं होतं, आणि नेमकी याच वेळी इथल्या परिवहन खात्यानंही एका जागेची जाहिरात दिली होती. तिनं रविवारी फोनवर सांगितलं, की शुक्रवारपर्यंत तिकडे हो की नाही कळवायचंय. बाईंचा जीव टांगणीला लागला. आणि त्या टांगणीवरूनच त्यांनी पुन्हा दोन्ही बाजू मांडल्या, अगदी तराजूत तोलून. तिकडे राहिलीस तर अमुक, इकडे आलीस तर तमुक. लेक नुसतं हं हं करत राहिली. मग म्हणाली, ठेवते.

गुरुवारी संध्याकाळी नवरा गॅलरीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत बसला होता. मान वर न करता त्यानं सांगितलं, की बुटकी येत नाहीये. दुपारी तिचा फोन होता. म्हणाली, आईला मी तिकडेच बरी वाटते.

"असं मी कधी म्हटलं?"

"तू कधी काय म्हटलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते बाईंना जास्तच लागलं. "त्या दिवशी ती ताटावर बसून राहिली होती, आठवतं? मला आज म्हणाली, बाबा, मी वाट बघत होते, आई आता नको म्हणेल, मग म्हणेल. आईनं माझी बाजू मांडली आणि ताटं उचलली. मला वाटलं, तिलाही मी गेलेलीच हवी आहे."

"अहो, मग तुम्ही तिला सांगायचं नाही का तेव्हाच?"

"मला वाटलं, तुम्हा मायलेकींचं आधीच ठरलंय."

बैठकीत एखादा समोरच्याची बाजू मांडून गप्प बसला असता, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, आता तुमचं काय? घरात त्यांना हे विचारणारं कोणी नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. लेकीनं उचलला नाही. कामात आहे, उद्या बोलू, एवढाच निरोप आला.

शुक्रवारी दुपारी नेमकी बैठक होती. पुन्हा तेच पैलवान, तेच वकीलसाहेब. या खेपेला वस्तीतला दवाखाना बंद करण्यावरून, पैलवानांना तो चालू हवा होता. माणसं जिना चढत असताना बाई व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या कूलरशी उभ्या राहिल्या आणि फोन लावला. या वेळी लेकीनं उचलला.

"आई? तू आत्ता? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. तू कळवलंस का तिकडे?"

लेक म्हणाली, "सकाळीच सही केली, आई."

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. डोक्यात लेकीची बाजू आपोआप रांगेनं उभी राहायला लागली, एकेक मुद्दा इस्त्री करून ठेवल्यासारखा.

"बरोबरच केलंस," त्या म्हणाल्या. "तुला असं वाटलं असणार, की..." आणि त्या थांबल्या. "नाही. राहू दे ते. तुझं तुला माहीत आहे. मी माझं सांगते. ऐकशील?"

"अगं, पण सही झालीय."

"झाली तर झाली. ती मोड असं मी म्हणत नाहीये. तू गेलीस ते मला आवडलं नव्हतं. अजून आवडलेलं नाही. मला तू इथं हवी होतीस."

पुढे त्यांना मुद्देच सापडेनात. जे येईल ते त्या बोलत गेल्या. तुझे बाबा टीव्ही मोठ्यानं लावतात आणि मी काही बोलत नाही, कारण घरात तेवढाच आवाज असतो. त्या तुझ्या शहराचं नाव कानावर आलं तरी मला त्याचा राग येतो. त्यानं माझं काय वाकडं केलंय, पण येतो. तुझ्यासाठी तिकडे चांगलं आहे हे मला सगळं समजतं आणि त्यानं मला काडीचा फरक पडत नाही. आजवर कुणी त्यांच्या टेबलाशी असं काही मांडलं असतं, तर बाईंनी त्याला सौम्यपणे परत सुरुवात करायला लावली असती.

"तू हे तेव्हा का नाही बोललीस?" लेकीचा आवाज चढला होता. "मी बसले होते ना गं तिथं. किती वेळ बसले होते. आणि आत्ता सांगतेस? सही झाल्यावर?"

"मला बोलताच आलं नाही."

"तुला? तुला बोलता आलं नाही? अख्ख्या गावाचं बोलतेस तू. माझंच तेवढं... शी, आई!" ती रडत होती आणि रागावलीही होती, आणि तो राग बाई कान देऊन ऐकत राहिल्या. किती दिवसांनी लेक त्यांच्यावर अशी ओरडत होती.

संचालक दारातून डोकावले. दोन्ही मंडळी येऊन बसली होती, चहाही झाला होता. बाईंनी त्यांना हातानं खूण केली, की तुम्ही सुरू करा. त्यांना ती खूण समजेना. मधल्या खुर्चीत दुसरं कोणी बसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते तसेच उभे राहिलेले पाहून बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

"आहेस ना?" लेकीनं विचारलं. नाक ओढल्याचा आवाज आला. "बोल ना पुढे. अजून काय?"

त्या दिवशी मधे संचालक बसले, आणि पैलवान पुढे कितीतरी दिवस झेरॉक्सच्या दुकानात सांगत होते, की संचालकसाहेबांनी त्यांची बाजू अशी काही मांडून दाखवली की त्यांनाच दवाखाना बंद करावासा वाटायला लागला.

बुटकी तिकडेच आहे. इथल्या परिवहन खात्यातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. रविवारचे फोन आता लांबतात, आणि बऱ्याचदा भांडणावर येऊन संपतात. एकदा तर दोघींनी एकाच वेळी फोन आपटला. ती रजेवर येते, खिडकी उघडी टाकून झोपते, बाई मध्येच उठून ती लावतात. मग रजा संपते. विमानतळाच्या दाराशी नवरा गाडी भलत्याच जागी लावल्याच्या धास्तीत घुटमळत असतो, मागची माणसं ढकलत असतात, आणि बाई दर वेळी लेकीचा दंड धरून म्हणतात, जाऊ नकोस. ती जाणार हे त्यांना ठाऊक असतं. लेकही घाई करत नाही. बॅग खाली ठेवते, आईसाठी थोडी वाकते, त्यांचं सगळं ऐकून घेते आणि मग आत जाते.