पेंटेकॉस्टला आई बोलली

आज पेंटेकॉस्टच्या उपासनेत पुढच्या बाकावरून मोगऱ्याचा वास आला आणि तरसालीच्या चर्चमधली फार वर्षांपूर्वीची सकाळ आठवली.

लकव्यानंतर आईची वाचा गेली होती. चाकाच्या खुर्चीत बसवून मी तिला उपासनेला नेलं होतं. एरवी सगळं गुजरातीत चालायचं, पण त्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "आजे सौ पोतपोतानी भाषामां प्रार्थना करो."

ज्याच्या त्याच्या भाषेत, गुजराती, मल्याळम, तमिळ, हिंदी, सगळे आवाज एकदम उठले. त्यांत मला एक जडसर मराठी आवाज ऐकू आला. आई प्रभूची प्रार्थना म्हणत होती, एकही शब्द न गाळता!

शेजारच्या, केसांत मोगरा माळलेल्या मल्याळी अम्मांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी आईचा हात घट्ट धरला आणि ती थांबताच म्हणाल्या, "आमेन."

घरी आल्यावर आई पुन्हा गप्प झाली, ती शेवटपर्यंत. "एवढंच का दिलंस?" म्हणून मी देवाशी खूप भांडले.

आता वाटतं, पहिल्या पेंटेकॉस्टला पवित्र आत्मा उतरला आणि प्रभूचे शिष्य एकाएकी परक्या भाषांत बोलू लागले, तेव्हा त्यांनाही त्या भाषा जन्मभरासाठी मिळाल्या नसतील. समोरच्या माणसाच्या काळजापर्यंत पोचण्यापुरत्याच मिळाल्या असतील.