संक्याचं ढुमढुम

घरात एक रिटायर हवालदार आन एक गाणी बनवणारा असला, की सांगण्याजोगं केरावानी साठतं. सकाळी झाडून काढा, दुपारी परत हायेच!

पलटणीतला हवालदार म्हणजे माझा ल्योक दत्ता. गाणी बनवणारा त्याचा पोरगा संक्या. त्या गाण्यांना ड्रम अँड बेस म्हणत्यात. वर ढोल जीव घेऊन पळतोय आन खाली जमीन घुमतीय, असं समजा. आष्ट्यातल्या आमच्या घराची मागची खोली त्यानं स्टुडिओ केली. दत्तानं हुकूम सोडला, "दिवाळीपतूर लोकांनी आपणहून ऐकलं तर ठीक. न्हाईतर खोलीत खताची पोती!"

*

आवाज घुमू नये म्हणून संक्यानं माझ्या समद्या वाकळा भिंतींना ठोकल्या. शेजारची सुलभा डोकावली. "आवं काकी, भिंतीस्नी थंडी वाजती व्हय?"

"त्यास्नीच वाजती. मला कुठली वाजायला!"

*

बेस वाढला की सैपाकघरात आमच्या मालकांचा तांब्या थरथरायचा. त्यास्नी जाऊन लय दिस झाले. संक्या खोलीतनं वरडायचा, "आज्जी, कोण वाजतंय?"

"तुझा आजा!"

मग त्यानं काँप्युटरवर तेवढाच सूर हुडकून खाली केला. तांब्या गप!

त्यास्नी गप करणं मला जल्मभर जमलं न्हाई, पोरानं एका बटणात केलं!

*

दत्तानं एकदा त्या तालावर अंगणात परेड करून बघितली. धाप लागली. म्हनला, "ह्या चालीनं पलटण निघाली तर दुश्मनाला न बघताच पुढं जाईल!"

*

मिक्सिंग नीट झालंय का, ते दुसऱ्याच्या स्पीकरवर बघावं लागतं म्हणं. आमच्याकडं मोठे स्पीकर कुणाकडं? उसाच्या ट्रॅक्टरवर! संक्यानं बाळू ड्रायव्हरला गाठलं. बाळूनं डोळं मिटून समदं गाणं ऐकलं. संक्याचा जीव टांगणीला.

बाळू म्हनला, "टेस्टिंग झ्याक झालं गड्या. आता गाणं लाव!"

*

दिवाळी तोंडावर आली तवा शहरात विश्रामबागच्या एका कॉलेजात संक्याला वाजवायला बोलावलं. "बघू तरी किती टाळकी येत्यात," म्हणत दत्तानं मला गाडीवर मागं बसवलं.

हॉल भरल्याला. गाणं सुसाट सुटलं. पोरं नाचत हुती. मधेच समदं थांबलं. ढोल न्हाई, बेस न्हाई. आन स्पीकरमधनं आवाज आला, "बंद कर रं ते!"

दत्ताचा आवाज! संक्यानं बापाचं वरडणं गुपचूप रेकॉर्ड करून गाण्यात घातल्यालं!

लगेच ढोल दुप्पट जोरात. दुसऱ्या खेपेला गाणं थांबलं तवा अख्खा हॉल एकदम वरडला, "बंद कर रं ते!" दत्ता लाकडासारखा ताठ. मी त्याची बाही धरून ठेवली.



सकाळी दत्ता खोलीच्या दारात हुबा. संक्यानं निमूटपणे वायरी गुंडाळायला घेतल्या.

दत्तानं घसा खाकरला. "त्या दिवशी माझा आवाज बसल्याला. परत एकदा घे."