वाकड्या तारांचा बाजा

हावगेप्पा बावळट होता, आणि हे मी त्याचा मित्र म्हणून सांगतोय. कान मात्र असा, की भजनात मागच्या ओळीतल्या कुणाचा सूर हलला तरी हा पेटी थांबवून नेमका त्याच्याकडेच बघायचा. मूळचा खटकचिंचोळीचा. गुलबर्ग्यात पेट्या दुरुस्त करायचा. सोमवारी मठात तो पेटीवर, मी तबल्यावर. माझं नाव श्रीमंत, डाळीच्या गिरणीत कामाला. आमची घरं एकाच गल्लीत.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन तीनेक वर्षं झाली होती. स्टेशनापलीकडे ओवेन नावाचा अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. त्याच्या बायकोच्या पायपेटीचा भाता फाटला म्हणून हावगेप्पाला बोलावणं आलं. दुपारी गेलेला माणूस दिवेलागणीला परतला आणि घरी न जाता माझ्या दारात उभा राहिला.

"श्रीमंता, त्याच्याकडं एक पियानो हाय. हसायलाय रे तो बाजा!"

पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. गार्डच्या पियानोच्या तारा वर्षानुवर्षं कुणी ओढल्या नव्हत्या, तीन तारा तीन बाजूंना सरकलेल्या. त्यामुळे प्रत्येक सूर घुंगरासारखा खुळखुळायचा. त्यावर गार्ड उड्या मारणाऱ्या नाचाच्या गती वाजवायचा. त्याला तो होंकी-टोंक म्हणे. आमच्या हावगेप्पाच्या तोंडी त्याची हाणकी-टाणकी झाली. दुसऱ्याच रविवारी तो शिकायला जाऊन बसला. पहिल्या दिवशीच म्हणाला, तारा सुरात लावून देऊ का? गार्ड हसला. "नक्को मियाँ. सीधा करे तो मर जाएगा. टेढ़ा है, सो नाचता."

खरी गंमत त्याच्या डाव्या हाताची झाली. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, पट्ट्यांशी त्याचं देणंघेणं नसतं. इथं तर सगळा ठेका डाव्याकडे: खाली एक जाड सूर, वर तीन सुरांची थाप, पुन्हा खाली. उजव्यानं सूर धरला की याचा डावा आपोआप मागे जाऊन हवेत भाता मारायला लागायचा. गार्डची बायको हसून हसून रडायची. शेवटी गार्डनं त्याचा उजवा हात उपरण्यानं कमरेला बांधला आणि सहा महिने नुसता डावा चालवला. जेवतानाही याचा डावा मांडीवर उड्या मारायचा, आणि त्याची बायको दानम्मावहिनी त्याच्यापुढची आमटी बाजूला सरकवायच्या.

दोन वर्षांत तो असा तयार झाला, की मी तबला घेऊन साथीला बसलो तर मलाच धाप लागावी. पहिली गत न चुकता वाजली त्या दिवशी त्यानं गार्डचे पाय धरले. जंगमाखेरीज, म्हणजे आमच्या लिंगायत गुरूखेरीज, कुणापुढं न वाकणारा माणूस! मठातल्या रेवणप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला चार लोकांत सुनावलं. हावगेप्पा एवढंच म्हणाला, "ज्यानं हात दिला तो गुरू."

त्याच सुमारास गार्डचं विलायतेला जायचं ठरलं. "जाते वक्त बाजा तेरेकू देके जाता," असं तो माझ्यासमोर बोलला, माझ्या या कानांनी ऐकलंय. वहिनींनी घरातली ज्वारीची कणगी परसात हलवून कोपरा मोकळा केला. हावगेप्पा रोज त्या कोपऱ्याची लांबी वितीनं मोजायचा. त्याला बाकी काही नको होतं. तो बाजा हवा होता, आणि तोही तसाच खुळखुळणारा.

मग एकदा गार्ड म्हणाला, ले जाने से पहले सुर में कर ले. हावगेप्पा चमकला. टेढ़ा है, सो नाचता, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? गार्डनं पाठीवर थाप मारली. एक बार सीधा कर, फिर घर जाके तेरे कान से टेढ़ा कर. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण शिकवणाऱ्यावर संशय घ्यायचा तरी कसा? चार दुपारी हावगेप्पा त्या पियानोत डोकं घालून बसला. दोनशेच्या वर तारा. चावी फिरवून फिरवून तळहात सोलून निघाले.

रविवारी आम्ही बैलगाडी घेऊनच गेलो. दिवाणखान्यात सिकंदराबादचा एक पाद्री बसला होता. गार्ड आमच्याकडे न बघता म्हणाला, "हावगेप्पा, साब को बजाके दिखा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाकडा बाजा चर्चमध्ये कोण घेणार? सरळ केलेला घेतात. मी त्याचा दंड धरला. "चल हितून." तो पियानोपुढं जाऊन बसला. गुरू म्हणाला वाजव, म्हणून त्यानं वाजवलं. बोटं तीच, गतही तीच, पण खुळखुळणं गेलेलं. नुसते स्वच्छ सूर. पाद्री खूश झाला. इतका छान सुरात कुणी लावला, विचारायला लागला.

"हैदराबाद से आदमी बुलाया था," गार्ड म्हणाला.

माझं तोंड उघडलं होतं, पण हावगेप्पानं माझं मनगट असं आवळलं की कळ आली. आमच्याच गाडीत चढवून तो पियानो आम्ही स्टेशनात पोचवला. हो, आम्हीच! मला आजही त्याचा संताप येतो.

येताना मी त्याला नको नको ते बोललो. "लाज न्हाई का तुला? तोंड शिवलं होतं का? बोललास न्हाई कामून?"

त्यानं बैलांचा कासरा सैल सोडला. "त्याचा बाजा हुता, इकला. मला सांगून इकायचं हुतं रे. मी तरीबी लावून दिलो असतो."