आत्यांचे ते तीन आठवडे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला शाळेत, सहावीच्या वर्गावर होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी दारापर्यंत येऊन त्यांनी मला हटकलं होतं, "डबा घेतला का गं?" आणि दुपारी त्या नव्हत्या... आता महिना झाला. लोक विचारतात, खुबा मोडलेली बाई शेवटपर्यंत हिंडती-फिरती राहिली तरी कशी? मला ते ठाऊक आहे. फक्त त्याचं उत्तर सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते.

आमचं घर येडगावचं. आत्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं घरची शेती बागायत झाली, तरी पाच-सहा मेंढ्या त्यांनी सोडल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनाच पाला टाकताना त्या घसरल्या. ऑपरेशन चांगलं झालं आणि घरी सोडताना हॉस्पिटलनं तीन आठवडे घरी येणारी एक बाई सुचवली. महाळुंगे पडवळच्या नंदाताई. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, आता सगळं त्या करतील.

कसलं काय! आत्यांना पलंगावरून उठायचं असलं की नंदाताई शेजारी उभ्या, नजर आत्यांच्या पावलांवर आणि हात पाठीमागं वीतभर लांब. तो हात लागत मात्र नव्हता. चोळीची बटणं आत्यांनी लावायची, वॉकर आत्यांनी ओढायचा, भाकरी आत्यांनी मोडायची. दहा मिनिटांचं काम पाऊण तास चालायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

त्यात आजारी माणसाला भेटायला अख्खं गाव येतं. आमच्या चुलत नणंदेनं ओट्यावरूनच तोफ डागली, "पैसं देऊन बाई लावली अन् ही बसलीय गंमत बघत! म्हातारी धडपडती, दिसत न्हाई व्हय कुणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी नंदाताईंना म्हणाले, "जरा उचलून धरा की त्यांना." त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तीनच आठवडे हाय, मॅडम. चौथ्या आठवड्यात कोण उचलंल?" मला ते उद्धट वाटलं. उद्यापासून येऊ नका, म्हणून मी सांगून टाकलं.

मग मी रजा टाकली आणि सेवा मांडली. भरवणं, पुसणं, सगळं पलंगावर. येणारे-जाणारे म्हणायचे, सून असावी तर अशी! मीही फुगले. पाचव्या दिवशी आत्यांना उभं करायला गेले तर त्यांचे पाय थरथरायला लागले. "नगं गं... पडन मी." पाठीवर कोकरू घेऊन घाट चढलेली ही बाई, आणि तिला दोन हात जमिनीची भीती बसली. ती भीती मी बसवली होती.

"त्या बाईला बोलीव," आत्या म्हणाल्या.

"अहो, ती तर तुम्हाला हातही लावत नव्हती!"

"आगं, मेंढी कोकराला उचलून धरती व्हय? चाटती, ढुसणी देती, अन् हुबी ऱ्हाती. आन् तिचा हात लांब नव्हता. पाठीला कळायचा मला."

स्कूटी काढली आणि महाळुंगे गाठलं. माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर नंदाताईंनी चपला घातल्यासुद्धा. उरलेले दिवस मी शाळेतल्या पोरीसारखी त्यांच्यामागं प्रश्न घेऊन फिरले. तोंडाकडं न बघता पावलांकडं का बघता? "माणूस भ्यालं की बोटं जमीन धरत्यात," त्या म्हणाल्या. "बोटं सैल सुटली की समजायचं, आता चालत्याल." मी तेव्हापासून बघायला लागले. खरंच सुटली हो बोटं! शेवटच्या दिवशी आत्या एकट्या गोठ्यापर्यंत गेल्या आणि मेंढ्यांना शिव्या घालून परत आल्या. मी रडले.

दहाव्याला जो तो विचारत होता, शेवटचं पाणी कुणी पाजलं? मी शाळेत, हे शेतात. घरी शेजारच्या काकू तेवढ्या दारात बसलेल्या. त्यांनी पाहिलं होतं... स्वयंपाकघरात माठावर ते फुलपात्र अजून पालथं आहे, आत्यांनी विसळून ठेवलं तसंच. मला ते हलवावंसं वाटत नाही.

चुलत नणंदेनंही विचारलं, सगळ्यांदेखत. "कुणीच नाही," मी मान वर करून सांगितलं. "त्या आपल्या आपण उठल्या, माठापाशी गेल्या, पाणी प्यायल्या आणि येऊन आडव्या झाल्या."