देव पार्किंगमध्ये अडकला

शिमग्यात देव पालखीत बसून घरोघरी येतो, म्हणून आत्या सकाळपासून ओटीचं ताट घेऊन पडवीत बसली होती. गल्लीतलं शेवटचं घर तिचं. तिन्हीसांजेला पालखी सहाणेवर, तिच्या मुक्कामाच्या ओट्यावर, परत गेलीच पाहिजे. राहिलं ते घर राहिलं, पुढच्या शिमग्यापर्यंत.

यंदा तिच्या अलीकडे दहा मजले उभे राहिले होते. रत्नागिरी वाढतेय म्हणे. वाढतेय खरी, गळू वाढतं तशी. रस्ता बैलगाडीच्या मापाचा, गटार देवाच्या भरवशावर, नळाला पाणी आलं तर आलं. बिल्डिंगच्या कमानीवर मात्र सोनेरी अक्षरं.

पालखी कमानीतून आत पार्किंगमध्ये शिरली आणि नाटकाचा पडदा वर गेला. बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, "प्रत्येक फ्लॅटमध्ये यायला हवी. घरपट्टी वेगवेगळी भरतो आम्ही."

म्हाताऱ्या मानकऱ्यांनी मान वर करून मजले न्याहाळले. "साहेब, लिफ्टमध्ये देवाला उभा करू काय?"

"मग जिन्याने?"

"घ्या तुम्ही खांद्यावर. आम्ही खाली ढोल वाजवतो."

शेवटी ठरलं, एक कमान म्हणजे एक घर. सगळे नटूनथटून खाली उतरले. पालखीवाल्यांचे पाय धुवायला सेक्रेटरीणबाईंनी नळ सोडला. नळ खाकरला, थुंकला, गप्प झाला.

"थांबा हां, टँकर येतोच आहे!"

आला. मागे मागे येत बरोबर कमानीत बसला, बाटलीला बूच बसावं तसा. पाइपाचा असा फवारा उडाला की ढोलवाला कमरेपर्यंत भिजला. पालखीमागोमाग आत शिरलेला मी खूश! असं नाटक फुकटात कुठे बघायला मिळतं? मग ड्रायव्हर म्हणाला, टाकी भरेपर्यंत गाडी हलणार नाही. देव आत, टँकर दारात, आणि ऊन उतरायला लागलेलं.

पार्किंग आणि आत्याचं अंगण यांच्यामध्ये जांभ्या दगडांचा नुसता रचलेला गडगा होता. तो हलवायला बिल्डर हात जोडून आला, धमकावून गेला. आत्याने दाद दिली नव्हती. मी गडग्यावरून हाक मारली, "आत्ये, देव अडकलाय. टँकर अंधार पडेपर्यंत हलत नाही."

ती गडग्याकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला. "बघतोस काय मेल्या? काढ दगड!"

पालखी खिंडारातून अंगणात आली. ओटी भरताना आत्याने देवालाच झापलं, "पुढच्या खेपेला आधी इकडे ये." मागच्या पायवाटेने देव वेळेत सहाणेकडे निघाला.

सकाळी दगड रचायला गेलो, तर खिंडारात पांढरी गाडी उभी. मागची चाकं पार्किंगमध्ये, तोंड अंगणात. सेक्रेटरी हसत म्हणाले, "भाऊ, देवानेच वाट करून दिली!"

आत्या बॉनेटवर काजूच्या बिया पसरत होती. "सांग त्याला," ती मान न वळवता मला म्हणाली, "अंगणात आलंय तेवढं माझं."