भोंग्याची दाढ

आमची सहा जणांची टोळी. अवजड यंत्रं पहारी लावून उचलायची, खाली लोखंडी नळ्या सरकवायच्या आणि ढकलत जागेवर न्यायची. हाक देणारा एकच, भोंगा. त्याच्या "हां... लाव!" वर सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. जरा मागेपुढे झालं की कुणाची तरी कंबर गेलीच. एकवीस वर्षांत कुणाची गेली नाही.

त्याची अक्कलदाढ दुखू लागली. दातदुखीला सुट्टी मागायची आमच्यात रीत नव्हती. गोळ्या खाऊन, जबड्याला फडकं बांधून तो येत राहिला. चौथ्या दिवशी त्याची हाक तोंडात घास धरल्यासारखी आली. दोघांनी आधी जोर लावला, आम्ही मागून. यंत्र कललं, कसंबसं सावरलं.

"सासऱ्यासमोर बोलतोयस का रे?" एकजण ओरडला.

भोंगा हसला नाही. त्याला लाळही गिळवत नव्हती. मी हनुवटीखाली हात लावला, तर लाकडासारखं कडक. पहार टाकली आणि त्याला रुग्णालयात नेलं.

घशाच्या डॉक्टर बाईंनी तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही जाईनात. जीभ वर उचललेली. आडवं करताच तो गुदमरून उठला.

"झोपवू नका," बाई म्हणाल्या. "दाढेचा पू मानेत खोल उतरलाय. सूज श्वास बंद करेल. आधी नळी, मग स्कॅन, मग चीर."

तेवढ्यात वहिनी, म्हणजे त्याची बायको, धापा टाकत आल्या. "दाढेपायी माणूस जातो का हो, भावजी?"

"जाऊ नये म्हणूनच घाई," बाई म्हणाल्या.

बसलेल्या, जाग्या माणसाच्या नाकातून नळी घालायची होती. दार लोटलेलं, पण ऐकू येत होतं. "हलू नका. मी सांगेन तेव्हाच श्वास ओढा. हां... ओढा!" भोंग्याने बरोबर त्या शब्दाला ओढला. नळी एका दमात आत गेली. हाकेची किंमत त्याला शिकवावी लागली नाही.

मग जबड्याखाली चीर देऊन बाईंनी बोटाने आतले कप्पे मोकळे केले. वाटीभर पू निघाला. उरलेला वाहून जायला रबराची पट्टी ठेवली, दाढही उपटली.

तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. पाचव्या दिवशी दुपारी वहिनींनी पाठीमागची उशी काढली. भोंगा सपाट आडवा झाला आणि लगेच झोपला. छाती एका लयीत वरखाली होत होती.

"भावजी, तुम्ही कामावर जा," वहिनी म्हणाल्या.

"जातो," म्हणालो आणि तासभर तिथेच बसलो.